मदत हवी आहे : लॅपटॉपवर लालभडक लुगडं, ग्रुपवर विटकं

नमस्कार मंडळी,

शनिवारी रात्री ९ च्या आत उत्तर हवंय, म्हणून आधी अडचण सांगते, पाल्हाळ नंतर. डार्कटेबलमधून (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) काढलेली जेपेग माझ्या लॅपटॉपवर हवी तशी दिसते. तीच ग्रुपवर टाकली की रंग उतरतात. लाल विटतो, हिरव्याला शेवाळी कळा येते.

आता पाल्हाळ. आम्ही अकरा हौशी फोटोवाले दर पंधरा दिवसांनी एक खेळ खेळतो. एकाने आपली एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची, प्रक्रिया न केलेली) सगळ्यांना द्यायची. ज्याने त्याने ती आपल्या मनाने एडिट करायची आणि शनिवारी रात्री नऊला सगळ्यांनी एकदम टाकायची, म्हणजे दुसऱ्याचं बघून कोणी हात फिरवायला नको. नियम दोनच. बाहेरचं काही चिकटवायचं नाही (आभाळ बदललं की बाद), आणि काय केलं ते दोन ओळींत सांगायचं. बक्षीस वगैरे काही नाही, उलट ज्याची फाइल त्यानेच पुढच्या भेटीत चहा पाजायचा.

मजा येते हो पण. मागच्या वेळी तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानाचा फोटो होता. एकाने कृष्णधवल करून नुसती पितळेची चकाकी ठेवली. एकीने दुकान, दुकानदार सगळं कापून फक्त कळशीवर टिचकी मारून बघणारा गिऱ्हाइकाचा हात ठेवला. मूळ फोटोत तो हात कोपऱ्यात होता, फोटो काढणाऱ्यालाच दिसला नव्हता! आणि माझ्या एडिटखाली पहिला शेरा : "एडिट केलंस की धुतलंस?" त्याच्या आधीच्या वेळीही असंच काहीतरी. मी म्हटलं, असेल बाई, आपली आवडच फिकी.

पण या वेळी फाइल माझी आहे. जुलैतली, भंडारदऱ्याहून घाटघरला जाताना काढलेली. भाताची आवणी चाललेली, बारीक पाऊस, मागचा डोंगर अर्धा ढगात. खाचरात वाकलेल्या एक मावशी, पाठीवर इरलं आणि इरल्याखाली लाल लुगडं. (इरलं हल्ली क्वचित दिसतं, बहुतेक जणी प्लास्टिकचा कागद घेतात. फोटो विचारून काढलाय. "काढ, पण मग दोन काड्या लावून जा," असं ऐकून घेतलं, लावल्याही.) तर ते लुगडं मी दोन हातांवरून पाहिलंय. ते विटकं नव्हतं. म्हणून काल एडिट स्वतःलाच पाठवून बघितलं, तर फोनवर विटकं!

क्वालिटी १०० केली, फोटो २०४८ पिक्सेलचा केला, फरक शून्य. सॅच्युरेशन वाढवलं तर लॅपटॉपवर लुगडं पेटल्यासारखं दिसतं आणि फोनवर जेमतेम बरं. काय चुकतंय?

प्रतिसाद
लॅपटॉपचं नाइट लाइट चालू नाही ना? स्क्रीन कॅलिब्रेट केलाय का?

धागाकर्ती
नाइट लाइट बंद आहे. कॅलिब्रेटर नाही. पण एक गंमत आत्ता कळली. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फोनवर लुगडं ठीक दिसतं. फोटो म्हणून पाठवली की विटतं.

प्रतिसाद
रॉ फाइलचं नाव काय आहे? निकॉन ना?

धागाकर्ती
हो. _डीएससी०४२७.एनईएफ. नावाचा काय संबंध?

प्रतिसाद
आहे ना. अंडरस्कोर सुरुवातीला आलाय. निकॉनचा कॅमेरा एसआरजीबीवर असेल तर तो डीएससी नंतर येतो, ॲडोबी आरजीबीवर असेल तर आधी. (हे दोन्ही म्हणजे रंग आकड्यांत लिहायच्या दोन पद्धती.) तुमचा कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर आहे.

धागाकर्ती
अरे देवा, खरंच! मेनूत जाऊन बदललं. एका व्हिडिओत "यात रंग जास्त बसतात" असं ऐकून केलं होतं. सुटला म्हणायचा प्रश्न!

प्रतिसाद
थांबा ताई, सुटला नाही. रॉमध्ये सेन्सरने मोजलेले नुसते आकडे असतात, त्याला ही सेटिंग लागू होत नाही. ती फक्त कॅमेऱ्यातच बनणाऱ्या जेपेगसाठी. पण त्या अंडरस्कोरवरून चोराचा माग लागतोय. डार्कटेबलच्या एक्स्पोर्टमध्ये "प्रोफाइल"पुढे काय निवडलंय? तिथेही ॲडोबी आरजीबीच असणार, पैज लावतो.

का विटतं ते सांगतो. १९९८ सालच्या त्या ॲडोबी आरजीबीची व्याप्ती मोठी, म्हणून तोच रंग लिहायला आकडा लहान लागतो. एसआरजीबीतला शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ० (लाल, हिरवा, निळा या क्रमाने). तोच लाल ॲडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. सोबत "हे आकडे ॲडोबीचे आहेत" अशी चिठ्ठी असते, तोवर सगळं ठीक. मेसेजिंग ॲप फोटो लहान करताना ती चिठ्ठी फेकून देत असणार. मग फोन २१९ ला एसआरजीबीतला २१९ समजतो आणि लुगडं विटतं. हिरव्याचं तर आणखी वाईट, शुद्ध हिरवा १४४, २५५, ६० होतो, म्हणजे त्यात लाल आणि निळा मिसळल्यासारखा दिसतो. तुमची शेवाळी कळा ती हीच.

एसआरजीबी निवडून परत काढा. आधी डार्कटेबलमध्ये कंट्रोल-एस दाबून सॉफ्टप्रूफ, म्हणजे फाइल काढण्याआधीची रंगांची झलक, बघा (प्रूफचा प्रोफाइल एसआरजीबी ठेवून), म्हणजे काय दिसणार ते इथेच कळेल. आणि ते वाढवलेलं सॅच्युरेशन आधी काढा!

प्रतिसाद
वाचतोय. अवांतर : विजेची तार पुसलेली चालते का तुमच्यात? आमच्या ग्रुपात यावरून दोघांचं बोलणं बंद आहे.

धागाकर्ती
@अवांतर : चालते, पण दोन ओळींत सांगावं लागतं. मावशींच्या मागे खांब आहे, मी तो ठेवलाय. गावात वीज आहे, ती का लपवायची?

@पैजवाले दादा : पैज जिंकलात. ॲडोबी आरजीबीच होतं. एकाच एडिटच्या दोन जेपेग काढल्या, एक अशी, एक तशी, आणि स्वतःलाच फोटो म्हणून पाठवल्या. एसआरजीबीवाली लॅपटॉपसारखीच दिसते. हुश्श! पुण्यात असाल तर शनिवारनंतरच्या चहाला या, तसाही मलाच पाजायचाय.

मागची दोन एडिट्सही परत काढून बघितली. तुळशीबागेचं पितळ आता पितळ दिसतंय. त्याच्या आधीचं मात्र एसआरजीबीतही फिकंच आहे, ते माझंच काम.