डोक्यातून न जाणाऱ्या बातम्या : गोव्यातल्या ऑटिस्टिक मंडळींसाठी अनुभव धागा

फोंडा (धागा सुरू करणारी)

मी ऑटिस्टिक आहे. निदान पस्तिशी उलटल्यावर झाले. वाईट बातमीने माझी झोप उडाली की सगळे म्हणतात, "तू कशाला एवढं मनावर घेतेस?" ते हातात असते तर प्रश्नच नव्हता. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत पूर्ण शिरते आणि तिथून सहजी निघत नाही. डायना मरे आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 'मोनोट्रोपिझम' या नावाने हेच मांडले. आवडीच्या विषयात या लक्षाचे सुख मिळते; पण युद्ध, दंगल, निवडणुकीतली चिखलफेक यांत ते शिरले की जेवणखाण, कामधाम सगळे बाजूला पडते. त्यात पुढे काय होणार हे न कळण्याची धास्ती.

म्हणून विचारते, तुम्ही स्वतः नेमके काय करता? "फोन बंद ठेवा, प्राणायाम करा" असले सल्ले नकोत. पालकांनीही लिहावे, मात्र मुलाला विचारून. आणि कोणता पक्ष बरा, ही चर्चा इथे नको.

माझ्यापुरते सांगते. टीव्हीवरच्या चर्चा पूर्ण बंद. आठ चौकटी, आठ आवाज, खाली पळती पट्टी. अर्थ लागायच्या आधीच कानशिले ठणकू लागतात. छापील पेपर मात्र रोज वाचते, कारण तो शेवटच्या पानावर संपतो.

वास्को

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम होती. आमच्याकडे नौदल, विमानतळ, बंदर सगळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आदल्या रात्रीपासून व्हॉट्सअॅपवर वाट्टेल ते फिरत होते. सायरन मला थेट दातांत लागतो. "काही होत नाही रे" असे बाबांनी म्हटले असते तर मी आणखी बिथरलो असतो. त्यांनी कागद घेतला आणि दोन रकाने पाडले: आपल्याला नक्की माहीत आहे ते, आणि आत्ता कोणालाच माहीत नाही ते. तालीम कधी, सायरन कशासाठी, हे पहिल्यात. युद्ध वाढेल का, हे दुसऱ्यात. सायरनच्या वेळी मी हेडफोन लावून मागच्या खोलीत बसलो.

10 मे रोजी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली, पण रकान्यांची सवय राहिली. निवडणुकीतही तसेच करतो. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टीवर कोणी कितीही छातीठोकपणे बोलले, तरी ते वाचत नाही.

डिचोली (आई)

लेक 14 वर्षांचा. बोलत नाही, चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगतो. त्याची परवानगी घेऊनच लिहितेय.

3 मे 2025 ला पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसे गेली. माझा भाऊ धोंड आहे, म्हणजे देवीचा व्रत पाळणारा भक्त. तो सुखरूप परतला, पण तोवर लेकाने कुणाच्या तरी फोनवर तो व्हिडिओ पाहिला होता, आणि तो पुन्हापुन्हा आपोआप सुरू होत होता. त्यानंतर कुणाच्या हातात काठी दिसली की हा कान झाकून खाली बसायचा. धोंडांच्या हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी असते, तीच त्याच्या डोक्यात रुतली होती.

सगळे म्हणाले, विषय काढू नका, विसरेल. मला पटले नाही. त्याने पाहिले ते अर्धेच होते. पुढचे त्याला कुणी दाखवलेच नव्हते. मी वहीत चित्रे काढली: उतार, गर्दी, पडलेली माणसे, रुग्णवाहिका, इस्पितळ. "काही माणसे मेली" हेही लिहिले. शेवटच्या चित्रात मामा आमच्या पडवीत चहा पितोय. मग भावाने आपली काठी आणून भिंतीला टेकवून ठेवली. हात लाव म्हणाला नाही. लेक बरेच दिवस लांबून बघायचा. एके दिवशी त्याने गोंड्यांचे रंग तक्त्यावर एकेक करून दाखवले. लाल, पिवळा, हिरवा.

फोंडा

ताई, लेकाला माझा नमस्कार सांगा. वहीत "माणसे मेली" लिहिलेत हे फार बरे केलेत. लपवाछपवी आम्हाला कळते, आणि मग कशावरच विश्वास बसत नाही.

पेडणे

मी बातम्या कमी केल्या नाहीत, एकच विषय धरला: जमिनीचे रूपांतर. कापलेला डोंगर दिसला की हात थरथरायचे, आठवडाभर तेच तेच बोलायचो. 2024 मध्ये नगर नियोजन कायद्यात 39 अ कलम आले. त्याखाली जमिनीचा झोन बदलायचा तर सूचना राजपत्रात येते आणि लोकांना हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. राजपत्र गुरुवारचे. त्या संध्याकाळी मी आमच्या तालुक्याचे सर्व्हे नंबर काढतो, नकाशाशी ताडून बघतो आणि हरकतीचा मसुदा तयार करतो. ग्रामसभेत उभे राहून बोलणे जमत नाही, ते चुलतभाऊ वाचतो. हरकत मान्य होईलच असे नाही. पण प्रतीवर पोचीचा शिक्का बसला की मला झोप लागते.

मडगाव

पेडण्याचे दादा, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, पण मला ते झेपले नाही. 2020 मध्ये मोलेच्या जंगलातून रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी नेण्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले, त्यात मी कॉलेज सोडून सगळे अहवाल वाचत बसले. शेवटी शटडाऊन आला, वाचाच बंद. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, ती बातमीही मला अंथरुणातच कळली आणि आनंद कसा तो झालाच नाही.

आता बातम्या शून्य. ताई रविवारी तेवढे सांगते ज्यावर मला काही करायचे असते: मतदार यादीत नाव तपासणे, पाणी कधी जाणार, मोर्चामुळे कदंब बस कुठून वळणार. "तुला समाजाचं काही पडलेलं नाही" असे नातेवाईक म्हणतात. मतदान मी एकदाही चुकवलेले नाही.

म्हापसा

माझा त्रास गणेश चवथीचा. मूळ घरी पंचवीस माणसे, आणि आरती संपते न संपते तोच राजकारण. यंदा काकांना आधीच सांगून ठेवले, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) मी बांधतो. कांगले, सुपारीचे घोस, नारळ, काय कुठे बांधायचे ते मला पाठ आहे. नजर वर, हात कामात, कोणी मत विचारत नाही. भांडण तापले तर विहिरीवर जायचे, हेही काकांना माहीत आहे.

साखळी

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बातमीने जगणेच नकोसे वाटू लागले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास. पण अनोळखी माणसाला फोन करणे हेच आपल्याला कठीण. मी पहिली तीन वाक्ये चिठ्ठीवर लिहून ठेवली आहेत: मी ऑटिस्टिक आहे; मला उत्तर द्यायला वेळ लागतो; मी गप्प राहिले तर फोन ठेवू नका. नंबर वहिनी लावते, स्पीकर सुरू ठेवते आणि माझी वाचा गेली तर चिठ्ठी तीच वाचते. चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे, वहिनीच्या फोनमध्येही तिचा फोटो आहे.