डीव्हीडी रायटरमधून काढलेल्या लेझर डायोडची तपासणी आणि वीजपुरवठा

प्रश्न (भौतिकशास्त्र शिक्षक, सांगली)

नमस्कार. महाविद्यालयातील मोडीत काढलेल्या संगणकांपैकी एका डीव्हीडी रायटरमधून मी दोन लेझर डायोड काढले आहेत. दोन्ही ५.६ मिलिमीटर व्यासाचे, तीन पायांचे आणि दिसायला सारखेच आहेत. सीडी व डीव्हीडीवरून होणारे प्रकाशाचे विवर्तन बारावीच्या विद्यार्थ्यांना दाखवावे, असा मानस आहे. यांतील लाल कोणता, तो चालू आहे की नाही हे कसे ओळखावे आणि मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर एक रेझिस्टर लावून तो चालवता येईल का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, पुणे)

सर, आधी डायोडच्या पायांभोवती उघडी बारीक तार गुंडाळून ठेवा, कारण हाताळताना अंगावरच्या स्थिर विद्युतभारानेही तो उडतो. तपासायच्या वेळी तार काढून मल्टीमीटर डायोड रेंजवर लावा. पायांच्या एखाद्या जोडीवर ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले, तर तो आतला फोटोडायोड (लेझरचा प्रकाश मोजणारा) समजावा. लेझरच्या जोडीवर त्याहून बरेच जास्त व्होल्टेज येते. दोन डायोडांपैकी ज्याचे कमी तो सीडीसाठीचा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त आणि ज्याचे जास्त तो डीव्हीडीसाठीचा सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल.

अवरक्त डायोड बाजूला ठेवून द्या. त्याचा प्रकाश डोळ्याला जेमतेम फिकट लाल दिसतो, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि दृष्टिपटलाला इजा मात्र पुरती होते.

उत्तर २ (छंद म्हणून सर्किट करणारा, ठाणे)

चार्जर आणि रेझिस्टर ही जोडी मी सुचवणार नाही. लेझर डायोडला व्होल्टेज नव्हे, तर ठरावीक करंट द्यावा लागतो. डायोड तापला की त्याचे व्होल्टेज उतरते आणि करंट वाढत जातो. एलएम३१७ ही व्होल्टेज नियंत्रक आयसी घ्या, त्याच्या आउटपुट व अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये रेझिस्टर लावा आणि अ‍ॅडजस्टच्या पायावरून डायोडच्या धन टोकाला जा. १.२५ भागिले रेझिस्टर म्हणजे करंट: ४७ ओहमला सुमारे २७ मिलिअँपिअर, २२ ओहमला ५७, १५ ओहमला ८३. या आयसीला स्वतःलाच काही व्होल्ट लागतात, म्हणून ५ व्होल्ट अपुरे पडतील. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा.

लेझर जोडण्याआधी त्याच्या जागी चार १एन४००७ डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर एकसर जोडून पाहा. त्या रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. आउटपुटला कपॅसिटर लावला असेल, तर तो डिस्चार्ज केल्याशिवाय लेझर कधीही जोडू नका. चांगले डायोड बहुधा याच क्षणी जातात.

मग ४७ ओहमपासून सुरुवात करून, दर वेळी वीज बंद करून, रेझिस्टर कमी करत जा आणि समोरच्या खरखरीत पांढऱ्या कागदाकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला एलईडीसारखा मंद, पसरट उजेड दिसेल. थ्रेशोल्ड करंट (ज्याच्यापुढे खरा लेझर प्रकाश सुरू होतो तो करंट) ओलांडला की उजेड एकदम वाढतो आणि कागदावर रवाळ, चमचमते ठिपके दिसू लागतात. रायटरचा लाल डायोड साधारण ४० ते ६० मिलिअँपिअरच्या आसपास हा टप्पा गाठतो. ८३ वरही उजेड पसरटच राहिला, तर लेझर गेला असून उरला आहे तो केवळ एलईडी.

उत्तर ३ (पुन्हा पुण्याहून)

सर्किट बरोबर आहे. माझी हरकत वर्गातल्या वापराला आहे. रायटरचा लाल डायोड १०० मिलिवॅटच्याही पुढे जाऊ शकतो, तर वर्गात ५ मिलिवॅटपेक्षा जास्त काही नसावे, आणि सीडी तर आरशासारखी किरण परतवते. तपासणी तुम्ही एकट्याने, ६५० नॅनोमीटरसाठीचा चष्मा लावून, किरण भिंतीकडे ठेवून करावी. विद्यार्थ्यांसमोर मात्र विकतचे ५ मिलिवॅटच्या आतले लाल मॉड्यूल वापरावे. प्रयोगात त्याने काहीच उणे पडत नाही. सीडीच्या दोन ओळींतील अंतर १.६ मायक्रोमीटर असल्याने, किरण सरळ पाडल्यास पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर पडतो. डीव्हीडीत हे अंतर ०.७४ मायक्रोमीटर असल्याने तोच ठिपका ६१ अंशांच्या आसपास जातो. पडदा त्या बेताने बराच रुंद घ्यावा.