मदत हवी आहे : विश्वकोशात लिहिताना स्वतःचं मत बाजूला कसं ठेवता?

नमस्कार मंडळी. मी विज्ञानाच्या इतिहासात एम.ए. करतेय आणि दोन वर्षांपासून फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर संपादन करते. विचारांनी मी पक्की विवेकवादी आहे, आणि घोडं तिथेच अडलंय.

सध्या इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरवरचा लेख वाढवतेय. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात त्याने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही अनेक डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मानलं नाही. मी लिहिलं, ‘अहंकारी डॉक्टरांनी सत्य नाकारलं.’ एका जुन्या संपादकाने ‘अहंकारी’ आणि ‘सत्य’ दोन्ही शब्द काढले. आधी राग आला. मग संदर्भ पुन्हा चाळले, तर विरोधाची कारणं बरीच गुंतागुंतीची निघाली. रोग जंतूंमुळे होतात हा जंतुसिद्धान्त तेव्हा रुजला नव्हता, शिवाय सेमेलवाइसने आपलं सविस्तर पुस्तक छापलं थेट १८६१ मध्ये. म्हणजे त्या संपादकाचंच बरोबर होतं.

आता अडचण अशी की हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. तिथे ठाम बाजू मांडायची, इथे तटस्थ राहायचं आणि ‘मूळ संशोधन नको’ (म्हणजे आधी कुठे प्रसिद्ध न झालेले स्वतःचे निष्कर्ष लिहायचे नाहीत) हा विकिपीडियाचा नियमही पाळायचा. जे दोन्हीकडे लिहितात त्यांनी कृपया सांगा : प्रबंधाच्या विषयावरचे लेख तुम्ही संपादित करता, की फक्त लेखाच्या चर्चापानावर बदल सुचवता? आणि आपला शब्द पक्षपाती झालाय हे स्वतःला वेळेवर कसं कळतं?