पहिलं कुत्रं छोट्या जातीचंच घ्यावं : तुमचं मत?

कर्वेनगरची आई
आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात आम्ही दोघं नोकरदार, ९ वर्षांची लेक आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. दोन वर्षं लेक मागे लागली होती, आता आम्ही तयार झालोय. माझं मत पक्कं आहे : ज्यांनी कधी कुत्रं पाळलेलं नाही, त्यांनी पहिलं छोट्या जातीचंच घ्यावं. आजारी पडलं तर सहा-सात किलोचं कुत्रं मी कडेवर घेऊन जिना उतरेन, रिक्षात मांडीवर घेऊन डॉक्टर गाठेन. तीस किलोचा लॅब्रॅडॉर मला उचलवणार नाही. शिवाय त्याने पट्ट्याला हिसका दिला तर सासूबाई पडतील. घरात सध्या पग, शिह त्झू आणि डॅशहंड ही तीन नावं चालू आहेत. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा, पण कारणासकट.

गाडीतळ हडपसर
पग तेवढा यादीतून काढा, ही हात जोडून विनंती. आमच्याकडे ९ वर्षं होता. मोबाईलच्या जाहिरातीत बघून आणला होता, जात काय, नाक काय, काही विचारलं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पिढ्यान्‌पिढ्या चपटं केलेल्या या नाकातून धड श्वासच जात नाही, तर धाप कशी टाकणार? एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला की सकाळी सातनंतर त्याला खाली नेता येत नसे. त्याच्या घोरण्याला आम्ही वर्षानुवर्षं हसलो. तो श्वास अडकल्याचा आवाज आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. शिह त्झूचं नाकही आखूडच, वर केसांचं ओझं. रोज विंचरलं नाही तर गाठी होऊन कातडी ओढली जाते.

तळजाईची सकाळ
मला मूळ मुद्दाच मान्य नाही. छोटं म्हणजे सोपं, हे कुठून आलं? डॅशहंडचंच उदाहरण घ्या. जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरायला तयार केलेली ही जात. उकरणार, भुंकणार, हट्ट करणार. पाठ लांब, पाय आखूड. मणक्यातली गादी सरकली की मागचे पाय जाऊ शकतात. अशा कुत्र्याला तीन मजल्यांचा जिना दिवसातून चार वेळा?
मोठं झालेलं देशी कुत्रं दत्तक घ्या. स्वभाव आधीच कळलेला असतो, अंगावर केस कमी, इथल्या उन्हापावसाला रुळलेलं असतं. आमची पंधरा किलोची आहे, आठ वर्षांत लसीकरण सोडून दवाखान्याची पायरी दोनदाच चढली.

कर्वेनगरची आई
पग आणि डॅशहंडचं पटलं. पण पंधरा किलो घेऊन तीन जिने? ते कोणी सांगेना.

शनिवार पेठ
छोट्यांच्या बाजूने मी बोलतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपण ज्याला पॉमेरियन म्हणायचो तो बहुतेक घरी इंडियन स्पिट्झ असायचा. आमच्या वाड्यात होता, १४ वर्षं जगला. नाक लांब, अंगकाठी काटक, वरण-भातावर वाढलेला (आता तसं कोणी करू नका). आजी पोथी घेऊन बसली की पाटाला टेकून बसायचा. पहिलं कुत्रं म्हणून याच्याइतकं चांगलं मी पाहिलेलं नाही. एकच गोष्ट, भुंकतो. बेल वाजली की भुंकतो, कुकरची शिट्टी झाली की भुंकतो.

बाणेर, पाचवा मजला
ती 'एकच गोष्ट' फ्लॅटमध्ये फार मोठी असते. वाड्यात चालून जायचं. आमच्या शेजारी स्पिट्झ आहे, त्याला सवयच लावलेली नाही. मोठं कुत्रं गुरगुरलं की माणसं लगेच शिकवणी लावतात, छोटं गुरगुरलं की उचलून पापा घेतात. दात त्यालाही असतात.
दुसरं, शरीर छोटं म्हणजे विषाची मात्राही छोटी. चॉकलेटचा जो तुकडा लॅबला कदाचित पचेल, तो तीन किलोच्या जिवाला नडतो. मनुका-बेदाण्याने किडनी जाऊ शकते. सासूबाई नैवेद्याचा शिरा देणार नाहीत याची खात्री आहे?

डेक्कनचा मुलगा
कर्वेनगरताई, तुम्ही पट्ट्याच्या हिसक्याची काळजी करताय. माझ्या आईचा खुबा मोडला तो आमच्या चार किलोच्या कुत्रीमुळे. संध्याकाळी दिवा लावायला उठली, कुत्री पायात आली, दिसलीच नाही. मोठं कुत्रं निदान दिसतं. कुत्रीचा दोष नव्हता, आईनेही कधी तिला बोल लावला नाही. पण घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर हा विचार आधी करा. गळ्यात घुंगरू, वाटेत रात्रभर मंद दिवा.

तळजाईची सकाळ
आणि जे काही आणाल ते ८ आठवड्यांच्या आतलं आणू नका. २०१७ च्या नियमांनुसार तसं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची नोंदणी लागते. पिल्लाची आई प्रत्यक्ष बघायला मागा. दाखवत नसेल तर उठून या. महापालिकेचा परवानाही काढा.

कर्वेनगरची आई
सगळं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर त्याच्याजवळ मीच असणार, मग मला कोणी विचारलं का?" खरंच विचारलं नव्हतं. त्यांना पिल्लू नकोय, शी-शू शिकवायला वाकवत नाही म्हणतात. म्हणून आता मोठा झालेला स्पिट्झ शोधतोय, घर बदलताना कोणी सोडून दिलेला असेल तर बघू. उचलता येण्याचा माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. फटाक्यांत नव्या घरी आणणं नको, दिवाळी झाली की आणू. घुंगरू लेकीने कालच आणलंय.

तळजाईची सकाळ
स्पिट्झ शोधताना एखादी बारकी देशी दिसली तर तिलाही एकदा सासूबाईंजवळ बसवून बघा. मग ठरवा.