इंजिन मूळचंच असेल तर जुन्या गाडीला हेडर कशाला?

बिडाचाभक्त

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, "आधी हेडर टाक, इंजिन मोकळं होतं." माझं मत बरोबर उलट आहे आणि वाद रंगावा म्हणून ठासूनच मांडतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचा, कार्ब्युरेटर मूळचा, मागचा पाइप आणि सायलेन्सरही मूळचाच असेल, तर बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव तुकडा, काढून त्याजागी वेगवेगळ्या नळ्यांचा हेडर बसवणं हा निव्वळ उपद्व्याप आहे.

धुराला मोठी वाट मिळते, हा हेडरचा अर्धाच फायदा. खरी गंमत लाटांची असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. सगळ्या नळ्या मिळतात त्या कलेक्टरपाशी ती पोचली की तिथून कमी दाबाची लाट उलट व्हॉल्व्हकडे येते. त्या क्षणी इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असले, तर उरलेला धूर ओढला जातो आणि त्यामागून हवा आणि पेट्रोलचं ताजं मिश्रण आत येतं. पण साध्या घरगुती गाडीच्या मूळ कॅममध्ये हे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहतात ते अगदी थोडा वेळ. लाट आली तरी दार बंद! शिवाय नळीची लांबी ठरलेली, म्हणजे लाट वेळेवर पोचणार तीही ठरावीक आरपीएमच्या आसपासच.

बदल्यात काय जातं ते बघा. कार्ब्युरेटरच्या कितीतरी सरळ (एका ओळीत सिलिंडर असलेल्या) इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टला चिकटून असतो आणि त्याची ऊब घेतो. ती गेली की थंड इंजिनावर पेट्रोल इनटेकच्या भिंतींवरच ओलं राहतं आणि गाडी आचके देते. दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फही धरतो. काही गाड्यांचा ऑटोमॅटिक चोक (थंड इंजिनासाठी मिश्रण दाट करणारी झडप) मॅनिफोल्डच्याच उष्णतेवर उघडतो, त्याचं काय करणार? एअरकूल्ड बीटलला हीट एक्स्चेंजर काढून हेडर लावला तर आतला हीटरच बंद. आणि गर्दीत पातळ नळ्या बॉनेटखाली अशी उष्णता ओततात की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळायला लागतं.

चारदोनएक

सपशेल असहमत. एकदा म्हणता इनटेक थंड पडतो, लगेच म्हणता पेट्रोल उकळतं. एक काहीतरी ठरवा राव!

लाटांचं तुम्ही बरोबर लिहिलंय, पण सोयीचं तेवढंच. मूळ मॅनिफोल्ड लॉग पद्धतीचा असेल, म्हणजे एकच आडवा पोकळ ठोकळा आणि सगळी तोंडं त्यातच उघडणारी, तर कॅम कितीही साधा असो, नुकसान होतंच. शेव्हरलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ घ्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूला १, ३, ५, ७. म्हणजे ५ आणि ७ एकाच बाजूला, लागोपाठ, क्रँकच्या फक्त ९० अंशांच्या अंतराने. पाचचा व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो आणि सातचा धक्का लॉगमधून थेट त्याच्या तोंडावर येतो. उजवीकडे ८ आणि ४ चं तेच. हेडरने हे धक्के वेगळे होतात आणि पिस्टनला धूर ढकलायचे कष्ट कमी पडतात. त्यासाठी रेसिंग कॅम लागत नाही.

कंपन्यांनाही हे कळत होतं. क्रायस्लरने १९६२ च्या मॅक्स वेज या शर्यतीच्या व्ही-८ ला दिलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचेच, पण वर वळवून लांब काढलेल्या वेगवेगळ्या शाखांचे. हेडरचा विचार बिडात ओतला, एवढंच.

बिडाचाभक्त

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, वेळा वेगळ्या. सकाळी पहिल्या काही मिनिटांत इनटेक थंड असतो. इंजिन पुरतं तापल्यावर गर्दीत उभं राहिलं की फ्लोट चेंबर तापतो. एकाच गाडीत एकाच दिवशी दोन्ही भोगता येतं.

लॉगवाल्या व्ही-८ चं मान्य. पण तोच नियम सगळ्यांना लावू नका. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बी-सिरीज इंजिनाला सिलिंडर चार आणि एक्झॉस्टची तोंडं तीन. मधलं तोंड २ आणि ३ मध्ये सामाईक, तेही हेडच्या आतच. बाहेर कितीही सुबक नळ्या लावा, ते दोघे आधीच एकत्र आलेले असतात. मूळ बिडाचा मॅनिफोल्डही चांगला घडवलेला आहे, खाली दोन पाइपांत उतरतो. त्यावर हेडर लावून काय हाती लागणार?

चारदोनएक

उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे २ आणि ३ मध्ये पूर्ण ३६० अंशांचं अंतर. ते एकत्र आल्याने एकमेकांच्या आड येतच नाहीत. ४-२-१ हेडरमध्येही (चार नळ्या आधी दोनांत, मग एकात) १-४ आणि २-३ अशाच जोड्या लावतात. म्हणूनच मिनीच्या ए-सिरीज इंजिनाला, तिथेही तोंडं तीनच, मधली नळी लांब ठेवलेला मॅनिफोल्ड लोक इतक्या हौसेने लावतात. खालच्या आणि मधल्या आरपीएमला ओढ सुधारते. रस्त्यावरच्या गाडीला तीच हवी. ४-१ (चारही नळ्या थेट एकात) वरच्या टोकाला जास्त देतो, पण तिथे रोज कोण जातं?

एमजीबीचा मूळ मॅनिफोल्ड चांगला आहे, हे मात्र मान्य.

पाना१३

दोघेही वहीतले हिशेब मांडताय. हेडर प्रत्यक्ष बसवणाऱ्याचं दुखणं वेगळंच असतं.

पहिली लढाई जुन्या स्टडशी, म्हणजे नट बसतो त्या हेडमधल्या आट्यांच्या दांड्याशी. वर्षानुवर्षं तापून गंजलेला नट सुटत नाही, स्टडच हेडमध्ये तुटतो. दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, नट तापवा, आणि पान्यावर लोंबकळू नका. घट्ट-सैल, घट्ट-सैल करत काढा.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि निम्मे हेडर तिथेच गळतात. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतील, तर बऱ्याच इंजिनांत एकच नट आणि जाड वॉशर दोघांचे फ्लँज (जोडाच्या सपाट पट्ट्या) मिळून दाबतो. हेडरचा फ्लँज जाड आणि इनटेकचा पातळ निघाला की वॉशर जाडावरच टेकतो आणि पातळ बाजू हवा ओढते. इंजिन आयडलला डगमगतं आणि लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात! आधी दोन्ही जाड्या कॅलिपरने मोजा. फरक असेल तर फ्लँज मशीनवर उतरवा किंवा वॉशरला पायरी काढा. फ्लँज सपाट आहे का तेही बघा, वेल्डिंगने नवे फ्लँजसुद्धा केळ्यासारखे वाकलेले येतात.

मग जागेचं. स्टीअरिंग, स्टार्टर, क्लचचा दांडा, प्लगच्या वायरी, ऑइल फिल्टर. उभ्या गाडीत बोटभर फट दिसते. रबराच्या माउंटवरचं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर डोलतं आणि तीच नळी चासीवर आपटते. खाली कलेक्टर किती लोंबतो तेही बघा, पहिला घाव त्यालाच बसतो. स्टार्टरजवळून नळी जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर गरम इंजिनावर स्टार्टर फिरत नाही.

नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले घ्या, पुढच्या वेळी सुटतात. पहिल्यांदा तापून थंड झालं की पुन्हा आवळा, काही दिवसांनी परत. कापडी पट्टी मात्र साध्या पोलादी नळीला गुंडाळू नका. ती ओल धरून ठेवते आणि नळी आतल्या आत कुजते. सिरॅमिक कोटिंग करून घ्या, बॉनेटखालची उष्णताही कमी होते.

माझं मत? बसवायचाच तर मागचा पाइप आणि सायलेन्सर त्याच वेळी बदला. नाहीतर हात घालू नका.

फटफट

आवाजाचं कुणी बोलतच नाहीये! निम्मे लोक त्यासाठीच लावतात, फक्त कबूल करत नाहीत.

पाना१३

आवाजाचा मोठा हिस्सा सायलेन्सरचा. पातळ नळ्यांनी बॉनेटखाली पत्र्याची किणकिण मात्र वाढते. बीड ती गिळून टाकतं.

मूळरूप

मला यात इतिहासाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा १९६६ पासून काम करतेय, आणि तिच्या ट्यूरिन सनदेचा रोख असा, की बदल करायचाच तर परत फिरवता येईल असा करा. हेडर त्यात बसतो, पण बसवताना चासीचा ब्रॅकेट कापला, बॉडी ठोकून आत ढकलली, तर नाही. जॅग्वार ई-टाइपचे पोर्सेलिनचा लेप दिलेले बिडाचे मॅनिफोल्ड आठवा. बॉनेट उघडल्यावर आधी तेच दिसतात. ते काढून चकचकीत नळ्या लावणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त काढलेले मॅनिफोल्ड कुठे ठेवलेत ते विचारतो.

बिडाचाभक्त

हे शंभर टक्के पटलं. तेल चोळून, गुंडाळून गाडीबरोबरच ठेवावेत. भंगारात जातात ते कायमचे जातात.

चारदोनएक

ठेवा की, कोण नको म्हणतंय. पण "हेडर लावला आणि काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर मिश्रण तपासलं? हवा वाढली की मिश्रण पातळ होतं. एसयू कार्ब्युरेटर असेल तर सुई बदलावी लागते, बाकीच्यांत जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र). धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून बघा, पण आधी गळती बंद करा. गळणाऱ्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ दाखवतो. ठिणगीचं टायमिंगही पुन्हा तपासा. एवढं केल्याशिवाय हेडरला नावं ठेवू नका.

बिडाचाभक्त

म्हणजे हेडर, पाइप, सायलेन्सर, सुया, टायमिंग, आडोसा, कोटिंग. मी पहिल्या पोस्टमध्ये दुसरं काय म्हणत होतो?

वाचनमात्र

माझ्या गाडीच्या मॅनिफोल्डला तडा गेलाय आणि तसाच दुसरा कुठे मिळत नाही. मग तर हेडर लावू ना?

पाना१३

तडा कुठे आहे? फ्लँजच्या कानाला असेल तर दुरुस्त होतो. अख्खा मॅनिफोल्ड आधी तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, राखेत किंवा वाळूत अगदी सावकाश थंड करणारा माणूस शोधा. घाईने थंड केला तर वेल्डच्या शेजारी नवा तडा जातो. नंतर फ्लँज मशीनवर सपाट करून घ्या. तडा दोन शाखांच्या मधल्या वळणात असेल तर वेल्ड फार टिकत नाही, तिथे मीही हेडरच सांगेन.

बिडाचाभक्त

मधल्या वळणात असला तरी आधी फोटो टाका. घाण आणि काजळी घासून काढून मग फोटो, कित्येकदा ओतकामाची रेघच तडा वाटते.