इक्विटी : समता, समन्याय की समभाग?
(बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावावरून दिली आहे.)

दिग्रस : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत सीए म्हणाले, "सभासदांची इक्विटी जेवढी जमेल, त्या हिशेबानं ग्रँट येईल." केंद्राच्या 2020 च्या योजनेत सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त 15 लाख, अशी ही ग्रँट असते. तिथवर समजलं. पण घरी बायको आशा वर्कर आहे, तिच्या प्रशिक्षणात ‘इक्विटी म्हणजे समता’ असं सांगितलं. एकाच शब्दात पैसा अन् न्याय दोन्ही कसे? आणि सभेच्या इतिवृत्तात मराठीत काय लिहू?

वर्धा : भाऊ, या दोन अर्थांना जोडणारा दुवा म्हणजे गहाण पडलेलं वावर. मूळ लॅटिन शब्द ‘एक्वुस’, म्हणजे सपाट, सारखा. त्यावरून ‘एक्विटास’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत इक्विटी. जुन्या इंग्लंडात राजाच्या न्यायालयांचा कायदा ताठर होता. तिथे दाद लागली नाही की लोक राजाकडे अर्ज करत, राजा तो चॅन्सेलरकडे, म्हणजे आपल्या बड्या मंत्र्याकडे, पाठवी. पुढे चॅन्सेलरचं वेगळं न्यायालयच उभं राहिलं. सदसद्विवेकाला धरून तिथे जो न्याय मिळे तो इक्विटी. आपल्या कायद्याच्या मराठीत त्याला ‘समन्याय’ म्हणतात.

आता गहाणाकडे या. कर्जदारानं ठरल्या तारखेला पैसे दिले नाहीत की कायद्यानं जमीन सावकाराची होई, मग ती कर्जाच्या दुप्पट किमतीची का असेना. चॅन्सेलरचं न्यायालय म्हणालं, उशिरा का होईना, हा माणूस मुद्दल-व्याज देतोय, जमीन सोडवू द्या. सोडवण्याच्या या हक्काला ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’ नाव पडलं. वावर 10 लाखांचं, कर्ज 4 लाखांचं, तर गहाण असतानाही 6 लाखांची किंमत मालकाचीच. त्या उरलेल्या मालकीलाच लोक इक्विटी म्हणू लागले, आणि तोच अर्थ कंपनीत गेला: सगळी देणी वजा करून मालकांचं जे उरतं ते.

हा हक्क आपल्याकडेही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 60 पाहा. तो चुकवण्यासाठीच विदर्भात कित्येक सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेतलं. कागदावर विक्री, तोंडी बोली मात्र ‘पैसे दे, वावर घे’. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नं जिल्हा निबंधकाला असं खरेदीखत चौकशीअंती रद्द ठरवून जमीन परत देववण्याचा अधिकार दिला. समन्यायाचं याहून जवळचं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

साकोली : माहिती आवडली, पण ‘समता’ला माझा विरोध आहे. समता म्हणजे सर्वांना सारखं. इक्विटी तशी नाही. आमच्याकडे मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाटावर पाहा. पाणी सोडलं की वरच्या बांध्या (धानाची वावरं) भराभर भरतात. शेपटाकडे जाईस्तोवर निम्मं पाटातच मुरतं. प्रत्येकाला दोन-दोन तास दिले तर घड्याळ सारखं, धान मात्र शेपटाकडचाच वाळणार. त्याला जास्त वेळ दिला तर ते समन्यायी. हा शब्द पुस्तकी नाही बरं. ‘समन्यायी पाणीवाटप’ आता पाणीवापर संस्थेतला कोणताही शेतकरी बोलतो.

वर्धा : अगदी पटलं. विदर्भाचा जुना वादही याच फरकाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यासह एकच मराठी राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेल्या 1953 च्या नागपूर करारात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचं ठरलं, म्हणजे डोई मोजून, मराठवाड्यापुरतं विशेष लक्ष. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) च्या इंग्रजी मजकुरात मात्र शब्द आला ‘इक्विटेबल’. डोई मोजून भागत नाही, कोण किती मागे आहे तेही पाहावं लागतं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं 1984 मध्ये ‘अनुशेष’ मोजला तो याच अंगानं, राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे ते पाहून. याच अनुच्छेदाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी नेमलेल्या विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तरी तो शब्द संविधानात आहेच, आणि आपण तो वापरत राहिलं पाहिजे.

दिग्रस : मग इतिवृत्तात?

वर्धा : सभासद जे शेअर घेतात ते ‘समभाग’, त्यांचा एकूण पैसा ‘भागभांडवल’. ताळेबंदात इक्विटी म्हणून जो आकडा असतो त्यात राखीव निधीही धरतात. त्याला सहकारी संस्थांचा ‘स्वनिधी’ हा शब्द चपखल बसतो. ग्रँटला मात्र योजनेतलंच नाव ठेवा, ‘इक्विटी ग्रँट’. तिथे भाषांतर केलं तर बँकेत अन् कार्यालयात कागद अडतो. आणि वहिनींना सांगा, आरोग्याच्या बाबतीत ‘समता’ ऐवजी ‘समन्याय’ म्हणा. दूरच्या पाड्यावरच्या बाळंतिणीसाठी जास्त फेऱ्या कराव्या लागतात, हे त्या शब्दात येतं.