मदत हवी आहे: व्हेरी, टू, सो, क्वाइट... इंग्रजीत जोर द्यायचा तर कुठे काय?

कोरीपाटी
ऑफिसच्या ईमेलमध्ये अशी वाक्यं वारंवार लिहावी लागतात. सगळीकडे जोर देणाऱ्या शब्दाशीच घोळ होतोय. दुरुस्ती तर हवीच, पण का चुकलं तेही कळलं तर पुढचं वाक्य स्वतःचं स्वतः तपासता येईल.
१) आय व्हेरी लाइक युअर डिझाइन.
२) धिस व्हर्जन इज व्हेरी बेटर.
३) द न्यू लेआउट इज टू गुड.
४) द टीम इज व्हेरी एक्झॉस्टेड.
५) दे वर्क्ड हार्डली ऑन धिस.

वेलांटी
पहिल्या दोन चुकांचं मूळ आपल्या 'खूप'मध्ये आहे. खूप मोठं, खूप आवडलं, खूप पाणी, खूप बरं: मराठीत एकच शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत पुढे काय येतंय ते बघून शब्द बदलावा लागतो.

साधं विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर 'व्हेरी': व्हेरी लार्ज, व्हेरी स्लोली. क्रियापदाला एकटं 'व्हेरी' लागत नाही. तिथे 'आय रिअली लाइक युअर डिझाइन' म्हणा, हे सगळ्यात सहज. 'आय लाइक युअर डिझाइन व्हेरी मच' हेही बरोबर, मात्र 'व्हेरी मच' शेवटी, कर्म येऊन गेल्यावर. 'आय लाइक व्हेरी मच युअर डिझाइन' असं मधे घुसवलं की वाक्य बिघडलं. नामाआधी 'अ लॉट ऑफ': अ लॉट ऑफ वॉटर.

तुलनेच्या रूपाला (बेटर, फास्टर, मोर यूजफुल) 'मच', 'फार' (मराठीतला नव्हे, इंग्रजी far) किंवा 'अ लॉट': 'मच बेटर', 'फार मोर यूजफुल'. फरक थोडाच असेल तर 'स्लाइटली बेटर'. 'मोर बेटर' कधीच नाही. 'बेस्ट'ला मात्र 'बाय फार द बेस्ट'.

तिसऱ्या वाक्यात दोन 'ओ'वाला 'टू' आहे. त्याचा अर्थ 'खूप' नव्हे, 'प्रमाणाबाहेर'. 'द फाइल इज टू लार्ज टु सेंड' म्हणजे इतकी मोठी, की पाठवता येत नाही. (इथे शेवटी 'सेंड इट' असं लिहू नका, फाइलचा उल्लेख आधीच झालाय.) गप्पांमध्ये आपल्याकडे 'टू गुड' कौतुक म्हणून चालतं, पण ईमेलमध्ये वाचणारा पुढच्या अडचणीची वाट बघत बसतो. 'व्हेरी गुड' लिहा. 'टू'चाच जोर वाढवायचा असेल तर 'फार टू लार्ज', 'मच टू लार्ज'.

काना_मात्रा
चौथं. 'एक्झॉस्टेड'च्या पोटातच 'व्हेरी टायर्ड' आहे, वरून आणखी 'व्हेरी' कशाला? अशा टोकाच्या विशेषणांना 'अ‍ॅब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली' शोभतं. जोड्या लक्षात ठेवा: कोल्ड–फ्रीझिंग, बिग–ह्यूज, बॅड–टेरिबल, स्मॉल–टायनी. डावीकडच्याला 'व्हेरी', उजवीकडच्याला 'अ‍ॅब्सोल्यूटली'. उलटंही चुकतंच: 'अ‍ॅब्सोल्यूटली टायर्ड' कानाला खटकतं. खात्री नसेल तर 'रिअली' लावा, ते दोन्हीकडे बसतं.

'व्हेरी युनिक' सर्रास दिसतं. पण 'युनिक' म्हणजे एकमेव. काटेकोर वाचक हटकतो. लेखी मजकुरात टाळलेलं बरं.

कोरीपाटी
आणि 'क्वाइट'? 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलं की जेमतेम?

काना_मात्रा
ते पुढच्या शब्दावर आणि बोलणाऱ्यावर अवलंबून आहे. ब्रिटिश वापरात 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी, अनेकदा 'ठीक आहे' इतकंच. अमेरिकन वापरात ते 'व्हेरी गुड'च्या जवळ जातं. पण 'क्वाइट इम्पॉसिबल', 'क्वाइट राइट' यांत अर्थ 'पूर्णपणे'. कुणाच्या कामाची तारीफ करायची असेल तर 'क्वाइट गुड' लिहूच नका. समोरचा ब्रिटिश असेल तर तो हिरमुसेल.

जागा: 'क्वाइट अ लाँग रिपोर्ट', पण 'अ व्हेरी लाँग रिपोर्ट'. 'इनफ' विशेषणानंतर (लाँग इनफ), नामाआधी (इनफ टाइम). 'सच' पुढे नाम असेल तर (सच अ लाँग रिपोर्ट), नुसतं विशेषण असेल तर 'सो' (सो लाँग).

वेलांटी
जागेवरून अर्थही फिरतो. 'आय रिअली डोन्ट नो' म्हणजे खरंच ठाऊक नाही. 'आय डोन्ट रिअली नो' म्हणजे नीटसं ठाऊक नाही. 'नॉट व्हेरी गुड'लाही शब्दशः घेऊ नका: 'फार चांगलं नाही' असं वाटलं तरी बहुतेक वेळा तो सभ्य शब्दांत 'वाईट' असा शेरा असतो.

अर्धविराम
पाचवं राहिलं, आणि सगळ्यात महागात पडणारं तेच. 'हार्ड'चं क्रियाविशेषण 'हार्ड'च: 'दे वर्क्ड व्हेरी हार्ड ऑन धिस'. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. 'दे हार्डली वर्क्ड' म्हणजे त्यांनी काम केलंच नाही म्हणा ना! 'हार्डली'त नकार आधीच आहे, म्हणून 'आय कान्ट हार्डली सी' असं लिहू नये.

आणखी एक. काही शब्दांचे जोडीदार ठरलेले असतात, त्यांना नियम नाही, पाठच करावे लागतात: स्ट्राँगली रेकमेंड, बॅडली नीड, हायली अनलाइकली, फुली अवेअर, डीपली रिग्रेट. 'हायली'चा अर्थ 'खूप' असला तरी 'हायली टायर्ड' किंवा 'हायली चीप' होत नाही. चांगल्या शब्दकोशात त्या क्रियापदाखालची किंवा विशेषणाखालची उदाहरणं वाचली की जोडीदार सापडतो.

कोरीपाटी
मग हे चालेल का? 'वी डीपली रिग्रेट द डिले अँड वी आर सो सॉरी फॉर द व्हेरी ह्यूज इनकन्व्हिनियन्स.'

अर्धविराम
'डीपली रिग्रेट' ठेवा, बाकी काढा. औपचारिक पत्रात 'सो सॉरी' घरगुती वाटतं, 'व्हेरी ह्यूज' वर सांगितलंच आहे, आणि तीन ठिकाणी जोर दिला की एकही खरा वाटत नाही. 'वी डीपली रिग्रेट द डिले. द फाइल्स विल रीच यू बाय मंडे.' एवढंच पाठवा.